परक्या बियाण्यात घरची मूठ

एकोणीस वर्षांची असताना माझी ठाम समजूत झाली होती की जगातला भात माझ्या हातून बुडणार. आता हसू येतं. तेव्हा घास घशाखाली उतरत नव्हता. सासूबाईंनी विचारलं की पोटात दुखतंय म्हणायचं, एवढी एकच थाप मला येत होती. नवरा फौजेत, चैत्रातल्या जत्रेला सुट्टी काढून येऊन गेलेला. सासूबाईंनी मनातल्या मनात महिने मोजले आणि मला पदराआडून चिंचा आणून द्यायला लागल्या. मी त्या खाल्ल्या. भिणारं माणूस चिंचेला नाही म्हणत नाही, हे मला तेव्हा कळलं.

माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडं ज्वारी आणि बाजरी; भात सणाला, तोही पाहुणे असले तर. दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या. त्या भाकरीला चव नव्हती असं म्हणणंही तिचं कौतुक केल्यासारखं होईल. दुष्काळ सरल्यावर माझं लग्न झालं ते शिराळ्याच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला, जिथं नजर जाईल तिथं भातच. पहिल्या जेवणाला सासूबाईंनी ताटात भाताचा डोंगर केला, तेव्हा मला वाटलं, आपल्याला चुकून दुसऱ्या कुणाचं ताट आलं.

मी सातवी पास. त्या घरात तेवढं शिक्षण म्हणजे बॅरिस्टरी. सासरे फौजेतून हवालदार होऊन आलेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. त्यांना सही येत होती आणि हुकूम देता येत होता, मधलं सगळं मी करायची.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेतीखात्याचा एक तरुण साहेब आला. चष्मा, पायात चिखलाला न शोभणारे बूट. संशोधन केंद्रातून त्यानं कापडाच्या पाच पिशव्या आणल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक नंबर. चार पिशव्यांत नवी, बुटक्या जातीची भातं. पाचवीत आमचाच गावठी भात, ताडून बघण्यासाठी. आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात पाच सारखे वाफे पाडायचे, दोरी लावून दाणे टोकायचे आणि कोणता वाफा किती देतो ते बघायचं. मामंजींनी लोखंडी पत्र्याचे नंबर रंगवले आणि परेडला उभे केल्यासारखे एका रेषेत ठोकले.

साहेबानं चावडीसमोर सगळ्यांना समजावून सांगितलं. जगात माणसं वाढतायत, जमीन वाढत नाही. मोठमोठ्या केंद्रांत हजारो भातं तपासतात, पण शेवटी कोणतं भात माणसांना जगवणार हे अशाच वाफ्यांत कळतं. इथं चूक झाली तर पुढं सगळीकडं चूक पेरली जाईल. मामंजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या वाफ्यात जे पिकेल तेच पुढल्या साली गावानं लावायचं, जबाबदारी माझी. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून हे सगळं ऐकलं. ऐकलं म्हणजे पाठच केलं. तरी अक्कल कुठं होती?

आमच्या आटपाडीकडं एक रीत आहे. बाहेरगावचं बियाणं आणलं की पेरण्याआधी त्यात घरच्या बियाण्याची एक मूठ मिसळायची. परका पाहुणा, त्याला घरचं माणूस सोबतीला नको का? माझी आजी ही मूठ घातल्याशिवाय पाभरीच्या चाड्यावर हात ठेवू द्यायची नाही. रोहिणीची धूळवाफ पेरणी तोंडावर आलेली. आमच्याकडं पावसाआधी कोरड्या मातीतच भात पेरतात. मी पिशव्या उन्हात ठेवायला बाहेर काढल्या, सासूबाईंच्या गाडग्यातला घरचा भात घेतला आणि मोठ्या भक्तिभावानं एक मूठ एका पिशवीत, एक दुसरीत, एक तिसरीत घातली. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, म्हैस सुटली होती. म्हैस बांधून आले आणि पिशव्यांची तोंडं आवळली. दुसऱ्या दिवशी टोकण झाली. मी स्वतः टोकली, गाणं म्हणत.

ज्येष्ठात साहेब पुन्हा आला. उगवण बघून खूश झाला आणि मला एक वही देऊन गेला. रोपांची उंची, फुटवे, फुलोरा, सगळं तारीखवार लिहायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना. जाता जाता सहज म्हणाला, "एका जातीचा दाणा दुसऱ्या जातीत गेला ना वहिनी, की ही सगळी मेहनत फुकट. म्हणून तर पिशव्या शिवून आणतो."

पिशव्या शिवलेल्या होत्या. ती शिवण मीच दातानं तोडली होती.

त्या क्षणापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि खरी गंमत पुढं आहे. तीन मुठी घातल्या हे पक्कं आठवत होतं, कोणत्या तीन पिशव्यांत ते काही केल्या आठवेना. म्हशीला विचारायची सोय नव्हती. रोज सकाळी वही घेऊन वाफ्यावर जायची आणि रोपांच्या तोंडाकडं बघत बसायची, जणू त्यातलं एखादं ओशाळून म्हणेल, व्हय बाई, मीच तो.

आषाढ सरला तसं दिसायला लागलं. दोन नंबर आणि तीन नंबरमध्ये बुटक्या रोपांतून काही रोपं मान वर काढून उभी राहिली. शाळेच्या वर्गात नापास होऊन बसलेल्या थोराड पोरांसारखी. तिसरी मूठ कुठं गेली? बहुतेक पाच नंबरात, म्हणजे घरच्या माणसाला सोबत म्हणून घरचंच माणूस. तिथं कुणाला कळणार नव्हतं. पण दोन आणि तीन रोज इंच इंच वर येत होते आणि माझा जीव रोज इंच इंच खाली जात होता. रात्री डोळा लागला की खडी फोडणारी माणसं दिसायची. रांगेत सगळं आमचं सासरचं गाव, हातात हातोडा, आणि मुकादमाच्या जागी मी.

उपाय मी शोधला तोही माझ्याच अकलेचा. उंच रोपं गुपचूप उपटून टाकायची. पण वाफ्यावर दिवसभर कुणी ना कुणी असायचं. रिकामा दिवस एकच, नागपंचमी. त्या दिवशी अख्खं गाव शिराळ्याला नाग बघायला जातं. मी पोटदुखीच्या जोरावर घरी राहिले.

नागपंचमीला आमच्यात काही चिरत नाहीत, तव्यावर भाकरी भाजत नाहीत, मातीला तर हात लावत नाहीत. नागाच्या अंगाला लागतं. हे ठाऊक असून मी कंबर बांधून तीन नंबरात शिरले. पहिलं रोप उपटलं तेव्हा मुळांचा जो आवाज झाला, तो मला आजही ऐकू येतो. दुसरं. तिसरं. चिखलाचा वास, पायांत गार पाणी, आणि चारी बाजूंना एक माणूस नाही. कुठला उंच आणि कुठला बुटका हेही मला नीट दिसेनासं झालं, हाताला येईल ते उपटून ओटीत भरत सुटले. मग एक रोप येईना. जोर लावला. रोप आलं, आणि त्याबरोबर चिखलातून माझ्या घोट्याला घासत काहीतरी लांब, बारीक, ओलं सरकत निघालं.

मी ओरडलेसुद्धा नाही. ओरडायला लागतो तो श्वास नव्हता. बांधावरून पडत, उठत, ओटी गच्च धरून घरी आले. रोपं म्हशीपुढं टाकली आणि देवापुढं नाक घासलं. चार दिवसांनी तण भांगलायला गेल्यावर तो नाग दिसला. टोकणीची दोरी होती. मीच विसरलेली.

तीन नंबरात आता दात पडल्यासारख्या जागा दिसायला लागल्या. दोन नंबरला हात लावायची माझी छाती झाली नाही. मामंजींनी त्या मोकळ्या जागा बघितल्या, बराच वेळ उकिडवे बसले आणि निकाल दिला, खेकडा. दोन दिवस त्यांनी बांधाच्या बिळांवर पहारा दिला आणि दोन खेकडे धरून आणले. माझ्या गुन्ह्यासाठी दोन निरपराध जीव फासावर गेले. त्यांचा रस्सा सासूबाईंनी केला. तेवढा एक दिवस माझं पोट दुखलं नाही, हे कबूल करते.

मग जे झालं त्यानं माझी उरलीसुरली झोप गेली. जागा मोकळ्या झाल्यामुळं तीन नंबरातल्या उरलेल्या रोपांना ऐसपैस मिळालं. ती फुटली, फोफावली, आणि लोंब्या अशा भरल्या की वाकून मातीला टेकायला आल्या. गाव वाफ्यावर लोटलं. लोंबी हातावर घेऊन माणसं वजन केल्यासारखी खालीवर करायची. साहेब येऊन तोलून सांगेपर्यंत कुणाला दम? सगळ्यांनी आपापल्या मनानं ठरवलं, तीन नंबर. मामंजी कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि घरटी बियाणं देईन म्हणून शब्द द्यायचे. वहीत मी उंची लिहायची, फुटवे लिहायची. शेऱ्याचा रकाना कोरा.

शेजारी एक म्हातारी राहायची. एकटी, दोन वाफ्यांची धनीण; तिची कापणी आमच्याआधीच उरकलेली. एक दिवस तिच्या दारात उखळाचा आवाज आला म्हणून मी डोकावले. ती भात कांडत होती. माझ्याकडं बघून हसली.

"बियाचा भात हाय बाई. तुझ्या सासऱ्यानं शबूद दिलाय तीन नंबराचा, मग ह्यो कशाला ठिवू? लय दिसांनी पोटभर खाईन म्हनलं."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. बियाणं खाऊन टाकलेलं घर कसं असतं हे मला ठाऊक होतं. आटपाडीला आमच्या घरानं खाल्लं होतं, बाजरीचं, शेवटच्या मुठीपर्यंत. त्यानंतरच आम्ही खडीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेब कापणीला आणि वजनाला येणार होता. मामंजींसमोर तोंड उघडायची माझी शामत नव्हती. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदरसुद्धा सरकू देत नसे. सकाळी चुलीपुढं बसून वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. पेरणीआधी मी घरच्या भाताची एक एक मूठ तीन पिशव्यांत मिसळली. नागपंचमीला तीन नंबरातली उंच रोपं उपटली, त्यात चांगलीही गेली. तीन नंबर दिसतो तसा नाही. कुणी पेरू नये. आणि खाली सही केली, पूर्ण नावानिशी, कारण जेलमध्ये नाव नीट लागतं अशी माझी समजूत.

साहेब आला. अर्धं गाव विळे परजून बांधावर उभं. त्यानं वही मागितली, चाळली, शेवटच्या पानावर थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मामंजींनी विचारलं, काय लिवलंय? तो माझ्याकडं बघायला लागला. मी बांधाच्या दगडाकडं बघत होते.

"हवालदार," तो हळू म्हणाला, "आपण घरात जाऊन बोलू."

"माज्या घरातलं असंल तर हितंच वाचा."

त्यानं वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. प्रत्येक शब्द मला ऐकू आला. कुणीतरी मागून म्हणालं, हवालदाराच्या सुनंनं सरकारलाच भेसळ घातली की. माणसं हसली. मामंजी हसले नाहीत आणि माझ्याकडं वळलेही नाहीत. ते गावाकडं तोंड करून उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून.

"माज्या पहाऱ्यात चूक झालीया. माजा शबूद मी माघारी घेतो. घरचं बी कुनी कांडू नगा. कांडलं असंल त्यानं माज्या कणगीतनं न्यावं."

दोन आणि तीन नंबर साहेबानं यादीतून काढून टाकले. बाकीचे तोलले, पण एवढ्यावर कुणाला सल्ला देता येत नाही म्हणाला. पुढल्या वर्षी पुन्हा लावावं लागेल. मला जेलमध्ये नेण्याबद्दल काही बोलला नाही. मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. म्हातारीला आमच्या कणगीतला भात गेला. तिनं निम्मा आधीच शिजवून खाल्ला होता आणि त्याबद्दल तिला काडीचं वाईट वाटत नव्हतं. सासूबाईंनी चिंचा बंद केल्या.

मामंजी माझ्याशी बोलले नाहीत ते दिवाळी गेली, संक्रांत गेली तरी नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, तांब्या ठेवला की प्यायचे. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. नवऱ्याच्या पत्रात त्यांनी सासूबाईंमार्फत माझ्याकडून लिहवून घेतलं, घरी सर्व क्षेम आहे. मी ते लिहिलं.

वैशाखात साहेबानं पाच नव्या पिशव्या पाठवल्या. मला वाटलं, ह्या आता कुलपात जाणार. मामंजी त्या घेऊन आत आले आणि माझ्यापुढं मांडल्या. सासूबाई म्हणाल्या, आवं, पुन्यांदा हिच्याच हातात? मामंजी कापणीनंतरचं पहिलं वाक्य माझ्याशी बोलले.

"तूच टोकायचं, सूनबाई. न भ्यालेला शिपाई पहाऱ्यावर झोपतो. तुला भ्या हाय."

मला रडू आलं नाही. मी पिशव्या उचलल्या. त्या वर्षी प्रत्येक पिशवीनंतर मी विहिरीवर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, नखं काडीनं कोरली, पदर झटकला, पुन्हा येऊन पुढची शिवण उसवली. सासूबाई बांधावर बसून म्हणत होत्या, सोवळ्यातला सैपाक चाललाय व्हय गं? गाणं मी म्हटलं नाही. पाचवा वाफा संपेस्तोवर सूर्य मावळतीला गेला. मामंजी दोरी गुंडाळत उभे होते, आणि मी त्यांच्या हातातल्या त्या दोरीकडंसुद्धा भीत भीतच बघत होते.