दुपट्यातला बत्ता

हसणार असान तर चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागन. लोक कापूस फुगवतात, म्या नातू फुगवला!

त्या सालांत कापसाले भाव नव्हता. आमच्याकडं घरोघरी कापसाचे ढीग छपराले टेकलेले. काट्यावर न्यायच्या आधी लोक त्याले हळूच पाणी मारत, म्हणजे वजन भरे. काट्याले फसवायची विद्या आमाले जन्मघुटीतच मिळते म्हणा ना!

त्यात सून माहेराहून, अचलपुराहून, पहिला नातू घेऊन आली. पाठोपाठ तिची माय आली पाहाले. आमच्या इहीणबाईची नजर म्हणजे सोनाराची! लेकरू उचललं आन् म्हणे, "इथं येऊन उतरलं वं बाई हे. उद्या नर्सबाई वजन करणार न? कमी भरलं तर मी मायलेकराले अचलपुराले नेतो."

नातू जाईन? अन् लोक काय म्हणतीन, बुढीले एक लेकरू सांभाळता नाही आलं?

नर्सबाई घरोघरी फिरून बाळंतिणी आन् तान्ही लेकरं पाहे. आढ्याले काटा टांगे आन् त्याच्या झोळीत लेकरू ठेवे. आता लेकराले काही पाणी मारता येत नाही! म्या खलबत्त्याचा पितळी बत्ता फडक्यात गुंडाळला आन् नातवाच्या दुपट्यात, पायापाशी सरकवला.

"मीच ठेवतो झोळीत," म्या म्हटलं. "तुमचे हात गार हायेत."

काट्याची सुई अशी फिरली म्हणता! नर्सबाई खूश. "आजी, काय खाऊ घालता हो सुनेला? पुढच्या आठवड्यात तेल्हाऱ्याला सुदृढ बालक स्पर्धा आहे. याला आणायचंच!"

इहीणबाई फुलली. "मी बी येतो!"

झालं! एकदा बत्ता घातला का मंग काढता येते का? गेलो तेल्हाऱ्याले, बत्त्यासकट.

तिथं डॉक्टर म्हणे, "बाळाचे सगळे कपडे काढा."

"अवो, थंडी हाय!"

"शेगडी ठेवलीय, आजी."

दुपटं सोडता सोडता म्या बत्ता पदराखाली ओढला.

लेकरू काट्यावर ठेवलं आन् काट्याची सुई पाहून नर्सबाई पांढरी पडली. "डॉक्टर, आठवड्यात एवढं घटलं? जुलाब झाले का हो? उलट्या?"

सून रडाले लागली. इहीणबाई गरजली, "काय केलं वो माह्या नातवाले?"

"सलाईन लावा! जीप काढा, अकोल्याला हलवू!" डॉक्टर म्हणाले, आन् सलाईनची सुई निघाली नातवाच्या इवल्याशा हाताकडं.

मंग कुठचा पदर आन् कुठची इज्जत!

"थांबा सायेब! बाकीचा नातू इथं हाय!"

बत्ता टेबलावर ठण्णकन वाजला.

डॉक्टरनं लेकरू पुन्हा तोललं, उलटंपालटं करून तपासलं. "अहो आजी, वयाच्या मानानं वजन अगदी बरोबर आहे. बत्ता कशाला हवा होता?"

घ्या! बिनबत्त्याचा नातू पास होता. नापास झाली ते मी.

इहीणबाई तिथूनच मायलेकराले घेऊन अचलपूरच्या एष्टीत बसली. म्हणे, "वजनाचं काही नाही वो. पण तुमच्या हाती लेकरू ठेवाचं आता भेव वाटते." खिडकीतून हात काढून, डॉक्टरच्या टेबलावरून उचलून आणलेला बत्ता माह्या हवाली केला. "महिनाभर याले खेळवा."

नातू आला महिन्यानं. पण अजूनबी मी चटणीसाठी लसूण कुटाले बसली का आमचा बुढा ओसरीवरून वरडते,

"हळू वं! नातवाले लागते न!"