पाठीवरची एसिनाम

एन्योनामचा डावा स्तन कॅन्सरने गेला. राजधानी आक्राच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याच पाठीचा स्नायू, वरच्या कातडीसकट, काखेखालून पुढे वळवून नवा घडवला. केटा गावच्या किनाऱ्यावर तिच्यासोबत भट्टीच्या धुरावर मासे सुकवणाऱ्या बायकांना कोण नवल! "म्हणजे आता तू पुढून-मागून सारखीच की गं!" शेजारीण म्हणाली, आणि हसता हसता तिची भट्टी विझली.

एन्योनामही हसली. पण आंघोळीला बसून नव्या स्तनावर पाणी ओतलं, तर ओघळ जाणवला पाठीवर. तिनं स्तनावर बोट टेकवलं. पाठीला कुणीतरी गाल टेकवला.

तो गाल तिच्या ओळखीचा होता. तिची थोरली, एसिनाम. तापानं फणफणलेल्या त्या पोरीला फडक्यानं पाठीशी बांधून ती दवाखान्याकडे धावली होती, आणि पोर वाटेतच, पाठीवरच गेली. कुठल्या वळणावर, ते आईलाही कळलं नाही.

बहीण अकोर्फाला हे सांगितलं, तर तिची बोबडीच वळली. "ताई, गेलेलं माणूस असं अंगाला चिकटलेलं बरं नव्हे. पास्टरना बोलावू या."

"माझी पोर आहे ती. भूत म्हणालीस तर थोबाड फोडीन!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. नसा अजून जुन्या जागेचीच खबर देतात. हळूहळू जाईल हे."

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणाली असती. एन्योनामच्या मनात आलं, जाईल? पुन्हा? तेव्हापासून ती तिथं जपून हात लावी. उगाच लावून संपायला नको.

मग धाकटी लेक डेला तान्ही मुलगी घेऊन माहेरी आली. "आई, घे ना पाठीवर. जखम भरलीय की आता."

नाही कसं म्हणणार? डेलानं बाळ पाठीवर ठेवलं. एन्योनामनं फडकं गुंडाळून छातीवर, नव्या स्तनावरच, गाठ आवळली. पाठीवरच्या व्रणापाशी सगळं बधिर होतं. नात लाथा झाडत होती, खिदळत होती, आणि आजीला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तिला कळत होतं ते दुसरंच पोर. निपचित. तापलेलं.

"हिला काढ," ती कशीबशी म्हणाली.

डेलानं बाळ काढून घेतलं आणि फडकं सोडायला हात पुढे केला. एन्योनामनं तो झटकला.

"अगं आई, आत कुणी नाहीये आता!"

"हळू बोल," एन्योनाम म्हणाली, आणि किंचित पुढे वाकून तिनं गाठ आणखी आवळली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."