काकूंच्या चार बाटल्या

काकू फोडणी कानांनी करायच्या. तेल तापलं की मोहरी टाकायची, वर झाकण ठेवायचं आणि मान जराशी तिरकी करून डोळे मिटून उभं राहायचं. तडतड जोरात सुरू झाली की बोट वर करून मला गप्प करायच्या. ती विरळ होत आली की झाकण बाजूला, मग जिरं, मग हिंग. "मोहरीचं बोलून होऊ दे, मग जिऱ्याला बोलाव. दोघांना एकदम घेतलंस तर जिरं जळून जातं," असं त्यांचं म्हणणं. न्युरेम्बर्गला येऊन मला तीन वर्षं झाली होती, पीएचडी अर्धी होत आली होती आणि माझ्या फोडणीचा दर वेळी कोळसाच व्हायचा. बाईंनी पाच मिनिटांत कारण सांगून टाकलं.

काकू म्हणजे मंदारदादाची आई. मंदारदादा आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर एकटा राहतो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. काकू चिंचवडहून तीन महिन्यांच्या व्हिजावर आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी इथल्या काचेच्या शेगडीची खोडी ओळखली. "अगं, ही बंद केली तरी तापलेलीच असते! मग मोहरी थांबायच्या आधीच बटण बंद करायचं. उरलेल्या धगीवर जिरं होतं." मी तीन वर्षं बटण बंद करून निवांत उभी राहायचे आणि फोडणी माझ्या डोळ्यांदेखत काळी पडायची. इतका साधा विचार मला कधी शिवला नव्हता.

प्रत्येक गोष्टीला त्यांचं "असं का?" ठरलेलं. इथे तूरडाळ शिजता शिजत नाही, असं का? मी म्हटलं, डाळ जुनी असेल. त्यांनी माझी चहाची किटली उचलली आणि तळाचा पांढरा थर नखानं खरवडून दाखवला. "हा चुना बघ. तुमचं पाणी जड आहे. असल्या पाण्यात डाळ हट्टाला पेटते." मग पाणी खळखळून उकळायचं, गार करायचं, खाली बसलेला गाळ तसाच ठेवून वरच्या पाण्यात डाळ भिजवायची. तरीही ऐकत नसेल तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच सोडा. टोमॅटो आणि चिंच मात्र डाळ शिजल्यावर, कारण आंबटात डाळ मऊ होत नाही. मी लॅबमध्ये रोज तक्ते भरते, पण स्वतःच्या किटलीत कधी वाकून पाहिलं नव्हतं.

एक सवय मात्र मला कळायची नाही. काहीही शिजत असलं तरी त्या मला विचारायच्या, "कसा वास येतोय, सांग." मी म्हणायचे, "छान." त्यावर त्या चिडायच्या. "छान हे तुझं मत झालं. वास सांग." मग मी नाक कढईवर धरून शब्द शोधायचे. बेसन भाजताना आधी कच्चा, पिठूळ, मग शेंगदाण्यासारखा, मग खमंग. हिंग डबीत असताना उग्र, नकोसा, तेलात पडला की लसणाच्या जवळपास. खवट, करपट, कुबट, असे आईच्या तोंडचे कितीतरी शब्द मला त्या स्वयंपाकघरात परत सापडले. मला वाटायचं, काकू माझी परीक्षा घेतायत. जुन्या शिक्षिका असतील, असाही मी अंदाज बांधला होता. कसलं काय!

एका शनिवारी दही द्यायला खाली गेले तर जिन्यातच करपलेल्या दाण्यांचा वास भरलेला. दार उघडंच होतं. आत कढईत दाणे काळे ठिक्कर पडत होते आणि काकू चार पावलांवर सोफ्यावर बसून शांतपणे शब्दकोडं सोडवत होत्या. मी धावत जाऊन कढई उतरवली, सगळ्या खिडक्या उघडल्या. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी कढईत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मला वास येत नाही गं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. साधा ताप आला नि नाक घेऊन गेला."

मग सगळं बाहेर आलं. चिंचवडला एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता. काकू तिथेच बसून गवार मोडत होत्या. शेजारणीला वास आला म्हणून वाचल्या. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्या घरात एकट्याच. मंदारदादानं घाबरून त्यांना इकडे आणलं आणि स्पष्ट सांगितलं, तीन महिन्यांत नाक परत आलं तर चिंचवड. नाही तर घराला कुलूप लावून नागपूरला त्याच्या मोठ्या काकांकडे राहायचं, कायमचं. "दीर-जाऊ फार चांगली आहेत गं," काकू म्हणाल्या, "पण तिथे मला कुणी ओट्याशी उभंसुद्धा राहू देणार नाही. पाहुणी म्हणून किती वर्षं जगायचं?" व्हिजाचे चार आठवडे उरले होते.

डॉक्टरांनी त्यांना नाकाचा व्यायाम दिला होता. ओळखीचे चार वास दिवसातून दोनदा डोळे मिटून, आठवत आठवत हुंगायचे. काही जणांचं नाक परत येतं, काही जणांचं नाही. काकूंनी जॅमच्या चार रिकाम्या बाटल्या केल्या होत्या : लवंग, कॉफी, हिंग आणि लिंबाची साल. त्या दिवसापासून मी त्यांची मदतनीस झाले. मी बाटली आधी स्वतःच्या, मग त्यांच्या नाकाशी धरायचे, त्या विचारायच्या, "कसा येतोय?" मी वर्णन करायचे आणि त्या डोळे गच्च मिटून आठवायचा प्रयत्न करायच्या. गंमत म्हणजे कांदा चिरताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, मिरची झोंबायची, पुदिना थंडगार लागायचा. ते काम वासाच्या नसेचं नाहीच म्हणे. उलट वेलदोडा आणि लाकडाचा भुसा सारखाच. मी इथल्या क्वार्क नावाच्या आयत्या चक्क्याचं श्रीखंड केलं, चक्का टांगायची कटकटच नाही म्हणून मोठ्या उत्साहानं वाटी दिली, तर चमचाभर खाऊन म्हणाल्या, "गोड आहे, आंबट आहे. बाकी मलम." जिभेला मोजक्याच चवी कळतात, उरलेलं सगळं नाक जेवतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला हळूच सांगितलं, "तुझ्या फोनवरून चिंचवडच्या पत्त्यावर एक इंडक्शनची शेगडी मागव. शेजारीण ठेवून घेईल. मंदारला बोलू नकोस." मी मागवली. बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या.

निघायच्या आधीच्या रविवारी मंदारदादानं परीक्षा घेतली. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, काकूंच्या डोळ्यांवर ओढणी बांधली, आणि मला साक्षीदार म्हणून बसवलं. काकूंनी पहिली बाटली हातात घेतली, हलवली आणि म्हणाल्या, "जरा हलवलं की वास जागा होतो." आत खुळखुळ झाली. "लवंग." दुसरीत सरसर झाली. "कॉफी." तिसरीत हिंगाचा खडा काचेवर टकटकला. चौथी मुकीच राहिली. "हे लिंबू. कोवळं आहे हो!"

जी बाई मोहरीचं बोलणं ऐकते, तिला लवंगा ओळखायला कसलं नाक लागतंय! सांगावं तर त्यांचं घर जातं, न सांगावं तर उद्या काही झालं तर माझ्या मानेवर. मी मंदारदादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. चारही," आणि ओढणी सोडली. काकूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी चहा अर्धा टाकून वर निघून आले, आणि आठवडाभर स्वतःला भेकड म्हणत राहिले. काकू बुधवारी गेल्या.

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"अगं, शेजारणीकडे दोन शेगड्या आल्यात. एक तू मागवलेली. दुसरी मंदारनं. आणि त्यानं गॅसची जोडणीही फोन करून काढून घ्यायला लावली." मग म्हणाल्या, "त्याच्या खोक्यावरची तारीख बघितली. परीक्षेच्या आदल्या दिवशीची आहे गं."

मी तशीच खाली गेले. मंदारदादा भांडी घासत होता. विचारलं, तर पाठमोराच म्हणाला, "लवंगा काय खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या. मी काय बहिरा आहे?"

"मग बाटल्यांत कापूस घालायचास ना!"

"घातला होता. सकाळी काढला." त्यानं नळ बंद केला. "तीन महिन्यांत तिला इतकी खुशीत फक्त ओट्याशी पाहिली. ते हिसकावून घेऊन नागपूरला काय पाठवणार होतो मी?"

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. कांदा कुणीच चिरत नव्हतं.

आता काकू चिंचवडला एकट्या राहतात. लवंग कधीकधी आल्यासारखी वाटते म्हणतात. खरं की आम्हाला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारत नाही. त्यांच्या चारही बाटल्या माझ्या खिडकीत आहेत. रविवारी मी फोडणीला उभी राहिले की त्यांना फोन लावते आणि फोन कढईशेजारी ठेवते.

"कसा वास येतोय, सांग," काकू विचारतात.

मी आता छान म्हणत नाही. तेल कसं येतंय, मोहरी कशी येतेय, कढीपत्त्याचा ओला हिरवा वास कुठे सुरू होतो, सगळं सांगते. पलीकडे त्या कान देऊन ऐकत असतात. तडतड विरळ होत जाते.

"हं," त्या म्हणतात, "आता जिरं घाल."