डॉक्टरबाईंना फाटकापर्यंत सोडताना

आईचं हृदय जरा अशक्त झालंय. तिला बघणाऱ्या डॉक्टरबाई व्हाइटफील्डला, मीही व्हाइटफील्डला, आणि आई एकटी जयनगरला. लग्न होऊन त्या घरात आली ती तिथून हलायला तयार नाही. दर तपासणीला तिला टॅक्सीत घालून शहराच्या त्या टोकापासून ह्या टोकाला आणायचं, की परत गेल्यावर ती अंथरूणच धरायची. रस्ताभर मी ड्रायव्हरवर, सिग्नलवर, समोरच्या बसवर चिडायचे. आई म्हणायची, "स्वल्प गप बस गं, तुझ्यामुळेच माझं बीपी चढतं." शेवटी मी फर्मान काढलं की आता माझ्याकडेच राहायला यायचं. आईनं तोंड फुगवलं.

मग डॉक्टरबाईंनीच मधला मार्ग काढला. म्हणाल्या, आता नियमानं मुभा आहे. एकदा प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला पुढच्या वेळी व्हिडिओवर बघता येतं, आणि फोनवर पाठवलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानातही चालते. पण व्हिडिओवर पुरेसं कळत नाही असं वाटलं, तर पेशंटला बोलवायचंच, हेही त्याच नियमात आहे. "एकदा करून बघू. मला नीट अंदाज आला तर राहू देत त्यांना जयनगरलाच. नाही आला तर मात्र तुमच्याकडे आणा."

म्हणजे आईचं घर त्या एका फोनवर ठरणार होतं. हे मी तिला चांगलं दहादा सांगितलं होतं, आणि त्या सकाळी तिच्याकडे पोचले तर बाईसाहेब इरकल नेसून तयार! बैठकीवर धुतलेली चादर, आणि फोन टेकवून ठेवायच्या जागेसमोर बशीत कडबोळी.

"ही कुणासाठी?"

"घरी कुणी आलं तर रिकामं बसवायचं होय?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात डॉक्टरबाई पडद्यावर आल्या. आई कन्नडमध्ये पहिलं काय म्हणाली असेल? "ऊट आयता?" जेवण झालं का! डॉक्टरबाई हसल्या आणि कामाला लागल्या. दम लागतो का? छे. पायाला सूज? काही नाही. झोप? मस्त लागते. आमच्या घरची रीतच आहे, पाहुण्यापुढे दुखणी उगाळायची नाहीत. मी आतल्या आत धुमसत होते. शेवटी राहवलं नाही.

"अगं आई, डॉक्टर आहेत त्या, विहीणबाई नाहीत!"

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला होता. "सगळंच छान आहे म्हणतात, आणि मला दिसतायत नुसत्या खुर्चीत बसलेल्या. ह्यावरून गोळ्या कशा ठरवू मी? त्यांना तुमच्याकडेच घेऊन या."

आईचं हसू मावळलं. पण एका शब्दानं तिनं हुज्जत घातली नाही. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाली, उठली, फोन हातात घेतला आणि चालायला लागली. दार उघडून थेट जिना उतरायला लागली.

"आई, कुठे निघालीस? लाल बटण दाब आणि बंद कर तो!"

"त्या निघाल्यात ना? फाटकापर्यंत सोडायला नको?"

घरातून हुसकावलं जात असतानाही हिला पाहुण्यांचा मान! मी पायऱ्या उतरत तिच्यामागे धावले. फाटकाशी उभी राहून, फोन उंच धरून ती डॉक्टरबाईंना म्हणत होती, "सरी अम्मा, पुन्हा या हं." आणि डॉक्टरबाईंनी फोन बंद केलेलाच नव्हता.

"आता मला परत वर घेऊन चला," त्या म्हणाल्या. "बोलत बोलत चढा. दमलात तर थांबा."

आईला काय, बोलायला निमित्तच हवं असतं. शेजारच्यांचा कढीपत्ता कसा आपल्या भिंतीवरून वाकलाय, पाणी किती कमी दाबानं येतं, एकेका पायरीवर एकेक गाऱ्हाणं. पूर्वी अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबायची. त्या दिवशी वर आली तरी वाक्य चालूच! मग मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून फोनपुढे दाखवला. सूज असली की तिथे खड्डा पडतो; पडला नाही.

डॉक्टरबाई मनापासून हसत होत्या. "इथे तुम्ही त्यांना व्हीलचेअरवरून आत आणता. त्या जिना चढताना मला कधी दिसल्या असत्या? गोळ्या त्याच चालू ठेवा. सहा महिन्यांनी एकदा इकडे या, एरवी असंच भेटू. आणि अम्मा, तुमच्या घरीच राहा."

मी आनंदानं ओरडलेच. आईनं फोन खाली ठेवला, खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

"अगं, आता का रडतेस?"

"तुझ्याकडे यायची नव्हती गं भीती," ती म्हणाली. "तू मला परत पाठवणार नाहीस, ह्याची होती."

खरं होतं ते. नसतंच पाठवलं मी.