दीर विरुद्ध भावजय

सकारात्मक विचारांची माणसं दुसऱ्याचं वाटोळं करतानासुद्धा हसत असतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं फार कठीण. चारकोपच्या एका सोसायटीत असं एक हसरं प्रस्थ आहे. नाव चंद्रप्रकाश. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये 'आनंदी जीवन वर्ग' भरवतात आणि गेटावरच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहितात. पाणी आलं नाही की फळ्यावर हमखास 'समाधान हेच खरे धन'. रत्नप्रभा कामाला जाताना तो फळा वाचायची आणि मनातल्या मनात एक शिवी हासडायची. तेवढ्यानं तिचा दिवस बरा जायचा.

रत्नप्रभा त्यांची भावजय. धाकट्या भावाची, लवूची, बायको. लवू गेल्यावर ती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात चष्म्याच्या फ्रेमी घासायच्या मशीनवर लागली. मुलगा नितेश काकांच्या ओळखीनं अंधेरीच्या एका ऑफिसात चिकटला. त्यामुळे घरात काकांविरुद्ध चकार शब्द काढायची सोय नव्हती.

पण सुविचार हा चंद्रप्रकाशांचा जोडधंदा. त्यांची खरी ओळख म्हणजे बुवा. रत्नप्रभाच्या सासऱ्यांनी गिरणीत असताना भजनी मंडळ काढलं होतं, ते थोरल्याकडे आलं, आणि त्या मंडळाच्या डबलबाऱ्या गाजायच्या. डबलबारी म्हणजे भजनाची कुस्ती. दोन मंडळं समोरासमोर बसतात. एक बुवा पेटी घेऊन गातो, गाता गाता समोरच्याची यथेच्छ अब्रू काढतो, सगळं देवाच्या नावानं आणि तालासुरात. मग समोरचा त्याची सव्याज परतफेड करतो. शेवटी दोघं मिळून गजर म्हणतात, गळाभेट घेतात आणि नारळ घेऊन घरी जातात. कोकणातली माणसं मुंबईत आली तेव्हा हे भांडणही ट्रंकेत घालून घेऊन आली. गिरण्या गेल्या, भांडण टिकलं.

रत्नप्रभा लग्न झाल्यापासून या मंडळात बुवांच्या मागे बसून झांज वाजवायची. चंद्रप्रकाशांचा आवाज खाली भरदार, पण वर चढला की फाटायचा. गजर टिपेला पोचला की ते डोळे मिटून हात वर करायचे, मागून रत्नप्रभा ती वरची ओळ उचलायची, आणि लोकांना वाटायचं बुवांच्या गळ्यात देव आला. हे इतकी वर्षं चाललं की शेवटी बुवांनाही तसंच वाटायला लागलं.

तर एका रविवारी आनंदी जीवन वर्गात फर्मान निघालं की प्रत्येकानं उभं राहून आपलं ध्येय मोठ्यानं सांगायचं. कुणाला वजन कमी करायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाईंना विमानात बसायचं होतं. सगळ्यांना टाळ्या पडल्या. रत्नप्रभा कोपऱ्यात सतरंजीच्या घड्या घालत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला बुवा व्हायचंय. पेटीवर बसायचंय."

टाळी पडली नाही. आधी एक जण हसला, मग सगळा हॉल हसला. चंद्रप्रकाशांचं हसू मात्र जागच्या जागी राहिलं. "ध्येय असावं," ते म्हणाले, "पण आपल्या आवाक्यातलं असावं. झांज हेसुद्धा मोठं काम आहे, रत्ना. मनाला असं समजाव."

वर्ग संपल्यावर मात्र जिन्यात त्यांचं शुद्ध मराठी गळून पडलं. "तुका याड लागला काय गो? लोकांसमोर माझी शोभा करतंस?"

"भावजी, तुम्हीच म्हणालात ध्येय सांगा."

"माझ्या मंडळात बाई पेटयेर बसूची नाय. आयकलंस?"

"मग तुमच्या मंडळात मी पण बसूची नाय," रत्नप्रभा म्हणाली आणि खाली उतरली. इतका राग आपल्यात मावतो हे तिला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडला.

नाहूरला बायकांचं एक भजनी मंडळ होतं. त्यांची बुवा लग्न होऊन दुबईला गेली होती, आणि पेटी कपाटावर धूळ खात पडली होती. रत्नप्रभा सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून तिथे जायला लागली. रोजचा रियाज तिनं गाळ्यात सुरू केला. घासायची मशीन चालू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या आवाजात ती गळा फाडून टीप लावायची. मालकाला वाटायचं बाई फ्रेमी घासतेय.

फसवता आलं नाही ते फक्त बाजूच्या मशीनवरच्या संघमित्राला. तिनं ओठांवरूनच ताल ओळखला. संघमित्राचा बाप भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा, त्यानं पोरीला शिकवली होती, आणि सवाल-जवाबाच्या मुकाबल्यात तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलेलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डब्याच्या झाकणावर ठेका धरला आणि रत्नप्रभाचे जवाब ऐकले.

"तू रडगाणं गातेस यार," ती म्हणाली. "समोरच्याला लागलं पाहिजे. रागानं लिही, पण गाताना थंड राहा. रागात गायलीस की श्वास पुरत नाही."

"माझ्याकडे वाजवणारं पण कुणी नाही गं. नाहूरचा पखवाजवाला म्हणतो, आमच्या भावजींच्या विरोधात नाही बसणार."

"मी बसते ना ढोलकी घेऊन."

"भजनाला? तुला चालेल?"

"देव-बिव तुझा तू बघ. आरतीला मी खाली उतरणार. मी देवासाठी नाही वाजवत, तुझ्यासाठी वाजवतेय."

सोसायटीत माघी गणपती बसतो आणि त्याला डबलबारी ठरलेली असते. त्या वर्षी उत्सव कमिटीला सुगावा लागला की चंद्रप्रकाश बुवांची भावजय नाहूरच्या मंडळाची बुवा झाली. कमिटीला भांडणाशी कर्तव्य, कारण भांडणाला गर्दी होते. चारकोपभर बॅनर लागले: 'दीर विरुद्ध भावजय'. चंद्रप्रकाश नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हटलं तर घाबरले असं झालं असतं, आणि घाबरणं हे नकारात्मक असतं.

रत्नप्रभाला बॅनरचं काही वाटलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. चंद्रप्रकाशांच्या मंडळाचा पखवाज नितेश वाजवायचा. त्यानं आईला जेवताना, भातात बघत सांगितलं, "मी काकांकडेच बसणार. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर. तू उगाच हे काढलंस, आई. सगळे हसतायत."

"हसू देत."

"तुला हसतायत, गं."

तिनं त्याला आमटी वाढली. पोटच्या पोरानं असं बोलावं याचं तिला इतकं दुःख झालं की रागही धड आला नाही.

बारीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. पहिली पाळी चंद्रप्रकाशांची. भरदार आवाजात त्यांनी देवाच्या रूपाचा अभंग म्हटला, आणि मग पेटीवरून मान उचलून, हसत हसत, टोमण्याला हात घातला:

"झांज म्हणाली पेटी होईन, हसली सारी आळी,
पोटचा पोर ज्या तालात नाही, त्या तालाला का टाळी?"

मांडव कोसळला. शिट्ट्या पडल्या. नितेशनं मान खाली घालून पखवाजावर अशी थाप मारली की जणू टोमणा त्यानंच लिहिला होता. रत्नप्रभानं पेटीचा भाता जोरात ओढला. "थंड," संघमित्रा बाजूनं पुटपुटली.

आणि इथे रत्नप्रभानं चूक केली. बारीत समोरच्या बुवाला नाव घेऊन ललकारायचं असतं. नावाशिवाय टोमणा म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. पण घरात आल्यापासून तिनं थोरल्या दिराचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. तिनं सगळे जवाब बांधले, चाली बसवल्या, आणि नावाची जागा तशीच सोडली. वेळेला येईल म्हणाली. वेळेला आलं ते जिभेवरचंच: "भावजी, तुमची ऐकली बारी..."

पुढची ओळ कुणी ऐकलीच नाही. मागून एक जण ओरडला, "वैनी, चहा टाका!" आणि हशा असा उसळला की नाहूरच्या बायकांचा कोरस त्यात बुडून गेला. तिनं पाळी कशीबशी पुरी केली. पहिली फेरी हातची गेली हे मांडवातल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळलं.

दुसऱ्या पाळीला चंद्रप्रकाश गाण्याआधी माईकवर बोलले. टोमणा मारला असता तर परवडलं असतं. ते मायेनं बोलले. "हार-जीत मनाचे खेळ आहेत. आमच्या रत्नानं प्रयत्न केला, हेच तिचं यश. तिच्यासाठी जोरदार टाळ्या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत पडलेल्या पोराला वाजवतात तशा. रत्नप्रभाला वाटलं, जिन्यातलं ते खेकसणं यापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं.

मग बुवांनी गजर धरला. जिंकलेल्या माणसाला घाई असते, त्यांनी लय वाढवली, पखवाज तापला, झांजा झणाणल्या, मांडव डोलायला लागला. गजर चढत चढत टिपेला आला. चंद्रप्रकाशांनी डोळे मिटले. हात वर केला.

वरची ओळ आलीच नाही.

तालमीत आवाज जपायचा म्हणून ते टीप कधी लावत नसत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की ती ओळ मंडळात आता कुणाचीच नाही. मागे नवी बसलेली पोरं झांजा वाजवत एकमेकांकडे बघत राहिली. नितेशनं आवर्तन फिरवून परत आणलं. बुवांनी डोळे उघडले, स्वतः झेप घेतली, आणि आवाज मधोमध फाटला. नितेशनं पुन्हा आवर्तन फिरवलं. आणि मग काका आणि पुतण्या दोघांनीही समोर बघितलं, तिच्याकडे.

रत्नप्रभाच्या छातीत श्वास भरून तयार होता. सवयच ती. तोंडसुद्धा उघडलं होतं. एक सूर, बस. लोक म्हणाले असते, काय मोठ्या मनाची बाई. नितेशचे डोळे तेच मागत होते.

तिनं तोंड मिटलं.

पखवाज आणखी दोनदा फिरला आणि थांबला. चंद्रप्रकाश खोकले, पाणी प्यायले, घसा बसल्याचं काहीतरी बोलले. मांडवात कुजबुज सुरू झाली. रत्नप्रभानं पेटी पुढे ओढली आणि माईकवर, चहा-साखर विचारावी इतक्या शांतपणे म्हणाली, "चंद्रप्रकाशबुवा, तुमची राहिलेली ओळ मी घेऊ?"

आधी बायकांमधून हसू फुटलं, मग सगळीकडून. संघमित्रानं ढोलकीवर जी थाप टाकली तिनं मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. रत्नप्रभानं तोच गजर, तिथूनच, टिपेला उचलला. मशीनच्या आवाजावर चढायला शिकलेला गळा, त्याला मांडव तो काय! तिला कुणाची दया आली नाही. मोकळं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

शेवटच्या गजराला आणि गळाभेटीला चंद्रप्रकाश थांबले नाहीत. रक्तदाब वाढला म्हणून घरी गेले. बारीतून गळाभेटीआधी उठणं म्हणजे काय, ते मांडवात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कमिटीनं दोन्ही नारळ रत्नप्रभाच्याच ओटीत घातले.

सकाळी नितेश दाराशी बूट घालत बसला होता. चहाला त्यानं हात लावला नव्हता.

"एक ओळ, आई. घेतली असतीस तर काय बिघडलं असतं? काका रात्रभर झोपले नाहीत. आता मंडळ मोडेल, बघ."

"काल टोमणा मारला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस?"

त्यानं बुटाची नाडी ओढली.

"नाही बघितलंस. ओळ अडली तेव्हा बघितलंस." तिचे डोळे भरून आले. ती ते पुसायला वळली नाही. "माझ्या मागे येऊन बस असं मी तुला कधी म्हणणार नाही, नितेश. पुढच्या महिन्यात मुलुंडची बारी घेतलीय मी. काका गायले तर तू तिकडेच बस, समोर. पण येताना रियाज करून ये. काल डाव्या कातड्यावर थापलेली कणीक सुकली होती तुझी, पखवाज सगळा वेळ बसका वाजत होता."