पायाळू

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात. त्याने पाय लावला की पाठीत भरलेली चमक उतरते, असं मानतात. त्यामुळे लहानपणापासून शेजारपाजारचे लोक माझ्यापुढे पालथे पडत आले. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, तरी ही प्रॅक्टिस काही बंद पडली नाही.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे थोरला भाऊ. त्याला कण्याचा संधिवात. विशीत पाठ धरली, चाळिशीपर्यंत मणके एकमेकांना चिकटले. हाक मारली तर मान वळत नाही, तो अख्खा वळतो. अकोल्यातले त्याचे जठारपेठेचे मित्र चिडवतात, साहेब फार ताठ झाले म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मी अमरावतीहून अकोल्याला त्याच्याकडे गेले होते. सकाळच्या चहाला त्याने कप खाली ठेवला.

"बाई, फासळ्यांत चमक भरली. पाय लाव वो."

फासळ्या त्याच्या नेहमीच दुखायच्या. तो कुशीवर झाला आणि मी डावा पाय हलकेच टेकवला. त्याला घाम फुटला होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात कोणाला फुटत नाही?

वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात नेऊ काय यायले?"

"थांबा जराशा. उतरून राहिली चमक," मी म्हणाले. स्वतःच्या पायावर इतका विश्वास! दोन तास मी थांबून थांबून पाय लावत राहिले. त्याला उलटी झाली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी पाहिला आणि हृदयविकाराचा झटका म्हणाल्या. हा वात पाठीपुरता राहत नाही, अंगातली सूज रक्तवाहिन्यांनाही धरते. अशा माणसाच्या छातीत दुखलं तर ते वाताच्या नावावर टाकून घरी बसायचं नसतं. "लगेच आणलं असतं तर हृदय इतकं निकामी झालं नसतं. घरी काय करत होते तुम्ही?"

वहिनींनी माझ्या पायांकडे पाहिलं.

भाऊ वाचला. पण आता दोन पायऱ्या चढला की धापा टाकतो, नोकरी सुटली. भेटायला येईल त्याला सांगतो, "माही बहीण घरी होती म्हनून वाचलो." तेव्हा वहिनी उठून आत जातात. मी तिथेच बसून असते आणि त्याचं बोलणं खोडून काढत नाही.