जावयाची गाडी रपट्यावर

पोहरादेवीच्या वाटेवर नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे बिनकठड्याच्या बुटक्या पुलावर, पाणी साचलं होतं. गाडी नवीकोरी आणि चालवणारे माझ्या बहिणीचे नवरे, म्हणजे घरचे जावई. अशा पाण्यात आधी काठी घालून खोली बघायची, मग पहिल्या गिअरवर हळूहळू, न थांबता गाडी काढायची, हे ट्रॅक्टरवर जन्म काढलेल्या बाबांना ठाऊक होतं, मलाही. पण जावयाला शिकवायचं कसं? त्या शहाण्याने गाडी सुसाट घातली. ती मधोमध बंद पडली. आता चावी फिरवली तर इंजिन पाणी ओढणार, हेही आम्ही बोललो नाही. त्यांनी तीनदा फिरवली. इंजिन गेलं. मग म्हातारे बाबा धोतर खोचून धक्का मारायला उतरले आणि मी निर्लज्जासारखा म्हणालो, "तुमी बसा भाऊजी, पाय भिजतीन."